मदत हवी आहे: सनरूफ बंद, पाऊस दोन दिवसांपूर्वीचा, तरी बाबांच्या टकलावर पाणी कुठून पडतं?

विषय हसण्यासारखा आहे हे मान्य. घरचे आठवडाभर हसतायत, तुम्हीही हसून घ्या. पण हसून झालं की उत्तर द्या.

गाडी घेऊन चार महिने झाले. सनरूफचा हट्ट माझा. बायको तेव्हाच म्हणाली होती, "घरच्या गच्चीवर वर्षात एकदा जात नाहीस, गाडीच्या छताला भोक कशाला?" त्या भोकाने आजवर काय काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण कशाचा कशाशी संबंध आहे हेच मला कळेनासं झालंय.

पहिलं प्रकरण टिश्यूचं. मोकळा रस्ता, छान हवा, सनरूफ पूर्ण उघडं. मागे बसलेल्या कन्येने टिश्यूच्या खोक्यातून एक कागद ओढला, तो हातातून निसटला आणि सरळ वर गेला. तिला गंमत वाटली. तिने दुसरा सोडला. मग तिसरा. मला आरशात एवढंच दिसलं की आकाश निरभ्र आहे आणि मागचा ट्रकवाला वायपर चालवतोय. कारण लक्षात येईपर्यंत अर्धं खोकं रिकामं झालं होतं. मी घाबरून बटण दाबलं आणि छप्पर बंद केलं. (रस्त्यावर कचरा केला याची लाज वाटते. ट्रकवाल्याने पुढे जाताना जे ऐकवलं ते मी गपगुमान ऐकून घेतलं.)

दुसरं प्रकरण पाण्याचं. गाडी उभी असताना पाऊस पडून गेला. मी निघालो तेव्हा लख्ख ऊन. हौसेने सनरूफ उघडलं. पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबला आणि छतावर साचलेलं पाणी पुढे सरकून थेट माझ्या मांडीवर आलं. त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी सगळे निघून जाईपर्यंत खुर्चीतून उठलो नाही.

आता तिसरं, ज्यासाठी हा धागा काढला. परवा बाबांना घेऊन निघालो. पाऊस थांबून दोन दिवस झालेले, सनरूफ बंद, बाबा पुढच्या डाव्या सीटवर. सिग्नलला ब्रेक दाबला आणि टप्. बरोब्बर टकलाच्या मध्यावर. छत चाचपलं तर दिव्यापाशी जरासा ओलावा, बाकी सगळं कोरडं. पुढच्या सिग्नलला पुन्हा टप्. उजवीकडे वळताना ब्रेक लागला तर थेंब नाही, चक्क धार. सरळ रस्त्यावर एका चालीने गेलं तर काहीही नाही. बाबा आता टोपी घालून बसतात आणि लाल दिवा लांबून दिसला तरी "आला, आला" म्हणत मान बाजूला घेतात.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "गाडी दोन दिवस ठेवून जा" एवढंच म्हणाले. त्याआधी घरी काही करून बघता येईल का? आणि सनरूफचं रबर चार महिन्यांत जातं का?

टपटप_पंत
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). "आला, आला"ला तर फुटलोच. उत्तर माहीत नाही, बाबांना नमस्कार सांगा.

चौथा_गिअर
रबर गेलंय, दुसरं काय. सिलिकॉनची ट्यूब आणा आणि काचेच्या कडेने सगळीकडून भरून टाका. छप्परही बंद, विषयही बंद.

पाना_पक्कड
चौथा गिअर, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. धागाकर्ते, सिलिकॉनला हातही लावू नका. जरा सविस्तर लिहितो.

बहुतेकांना वाटतं की सनरूफची काच डब्याच्या झाकणासारखी घट्ट बसते आणि पाणी आत येऊच देत नाही. तसं नसतं. कडेचं रबर बरंचसं पाणी अडवतं, पण थोडं आत येणार हे धरूनच सगळी रचना केलेली असते. काचेखाली चारही बाजूंनी पन्हळ असते. आत आलेलं पाणी त्या पन्हळीत उतरतं आणि कोपऱ्यांतल्या भोकांतून बारीक नळ्यांत जातं. पुढच्या दोन नळ्या विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबांतून खाली येतात आणि साधारण पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या वरच्या पोकळीत सुटतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरकडे जातात. म्हणजे घराच्या पागोळ्या जशा पन्हळीत पडून नळातून खाली जातात, तसंच. घराचा नळ तुंबला तर तुम्ही कौलं चिकटवून टाकत नाही ना?

तुमचं दुखणं तुम्हीच अर्धं ओळखलंय. ब्रेक दाबला की गाडी थांबते आणि पाणी पुढे धावतं. उजवीकडे वळलं की पाणी डावीकडे फेकलं जातं. दोन्ही एकदम झालं की धार. म्हणजे पन्हळीत पाणी साचून राहिलंय आणि पुढचा डावा कोपरा तुंबलाय. पाऊस दोन दिवसांपूर्वीचा असला तरी त्या बंदिस्त पन्हळीत ऊन-वारा लागत नाही, त्यामुळे ते इतक्यात सुकत नाही. काठ ओलांडलेलं पाणी छताच्या अस्तरावरून दिव्याच्या खाचेपर्यंत येतं आणि तिथून बाबांवर. नेम दिव्याचा आहे, दोष नळीचा.

घरी करण्यासारखी परीक्षा अशी. गाडी सपाट जागी उभी करा, सनरूफ पूर्ण उघडा. आधी टॉर्च घेऊन पन्हळीत बघा, आतलं पाणी फडक्याने टिपून घ्या. मग एकेका कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता आणि खाली कुणाला तरी वाकून बघायला सांगा. तीन कोपऱ्यांतलं पाणी जमिनीवर येईल, चौथ्यातलं येणार नाही. गवत कापायच्या यंत्रात नायलॉनची जाड दोरी असते, तिचं टोक विस्तवाने जरासं गोल करून घ्या आणि अलगद आत सरकवा. तार घालू नका, नळीला भोक पडतं. खालच्या टोकाला पुष्कळदा रबराची चपटी चोच असते, त्यात चिखल बसतो. तीही बोटाने दाबून मोकळी करा.

चौथा_गिअर
बरं, सिलिकॉन मागे. पण दोरीबिरी कशाला, पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा मारली की एका फुंकरीत साफ.

पाना_पक्कड
साहेब, तुम्ही एका दगडात गाडी मारणार! नळी वरच्या टोकाला नुसती खोचलेली असते. जोराची हवा मारली की ती निसटते, आणि मग सगळं पाणी खांबाच्या आत. ती परत बसवायला छताचं अस्तर उतरवावं लागतं. तोंडाने फुंकर मारलीत तर चालेल.

रात्रपाळी
कंप्रेसरने नळी निसटवलेला माणूस हजर आहे. पाना पक्कड यांना अनुमोदन, जास्त बोलवत नाही.

उशाशी_किल्ली
तुमच्याकडे टकलावर थेंब, माझ्याकडे अख्खा पाऊस. रिमोटवर उघडायचं बटण दाबून धरलं की पुष्कळ गाड्यांत चारही काचा आणि सनरूफ एकदम उघडतं, तापलेली गाडी लांबूनच थंड करता यावी म्हणून. हे मला माहीत नव्हतं. किल्ली पँटच्या खिशात ठेवून मी जिन्यात बूट काढायला बसलो, बटण मांडीखाली दाबलं गेलं, खाली गाडीने सगळी दारं-खिडक्या सताड उघडून रात्रभर पावसाचं स्वागत केलं. सकाळी आत पाऊल टाकलं तर डबक्यात टाकल्यासारखा आवाज.

धागाकर्ते, एक अनुभवाचं सांगतो. तुमच्याकडेही पाणी गालिच्यापर्यंत गेलं असेल तर वरून हात लावून 'कोरडं आहे' म्हणू नका. गालिच्याखाली जाड फोम असतो, तो स्पंजसारखा पाणी धरतो. कडेची पट्टी काढून बोट खाली घालून बघा. आणि पुढच्या सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे. ते चुकूनही ओढू-काढू नका. माझ्या गाडीत ते भिजून एअरबॅगचा दिवा लागला आणि ते काम तज्ज्ञाकडूनच करून घ्यावं लागलं.

वारा_वाहतो
थोडं अवांतर. सनरूफ उघडं ठेवून वेग घेतला की आमच्या गाडीत हेलिकॉप्टर उतरल्यासारखं धडधडतं, कानात दडे बसतात. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली, त्यांना वाटलं टायर फुटला. हा बिघाड आहे का?

पाना_पक्कड
नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की ती घुमते, तसंच. गाडी ही मोठी बाटली, म्हणून आवाज इतका खर्जातला की कानापेक्षा छातीला जास्त जाणवतो. मागची खिडकी दोन बोटं खाली करा, लगेच थांबेल. किंवा काच पूर्ण मागे न नेता थोडी अलीकडे ठेवा. म्हणूनच कित्येक गाड्यांत एकदा बटण दाबलं की सनरूफ पूर्ण उघडायच्या जरा आधीच थांबतं. लोक पुन्हा दाबून ते पूर्ण उघडतात आणि मग सासूबाई घाबरतात. पुढच्या कडेला उघडताना जाळी किंवा पट्टी वर येते, तीही वारा उचलून हे घुमणं कमी करायलाच असते. ती वाकलेली नाही ना बघून घ्या.

आणि टिश्यूचं कोडंही त्यातलंच. छतावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब आतल्यापेक्षा कमी होतो, म्हणून आतली हवा वर ओढली जाते. जे हलकं असेल ते तिच्याबरोबर निघालं. खिडकीही उघडी असेल तर आणखी जोरात.

मुक्तछंद
विज्ञान राहू द्या, माझी फजिती ऐका. सिग्नलला थांबले होते, सनरूफ उघडं, फोन गाडीच्या स्पीकरवर. बहिणीबरोबर तिच्या नणंदेविषयी चर्चा रंगात आली होती. सिग्नल सुटला तेव्हा शेजारच्या बसमधल्या खिडकीतून एक बाई वाकून म्हणाल्या, "अहो, मग पुढे ती काय म्हणाली?" खिडक्या बंद होत्या म्हणून मी निर्धास्त होते. छताचं भानच राहिलं नाही.

मधमाशीग्रस्त
माझ्याकडे मधमाशी आली. आत यायला छप्पर पुरलं, बाहेर जायला चार उघड्या खिडक्या पुरल्या नाहीत. गाडी कडेला घेतली, उतरलो, आता गाडी तिची आणि मी रस्त्यावर. दहा मिनिटांनी ती आपण होऊन गेली. एवढंच सुचवतो की असं झालं तर चालत्या गाडीत हात झाडू नका, आधी थांबा.

बारक्याची_आई
फजित्या ठीक आहेत, पण एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. मुलांना सनरूफमधून बाहेर उभं करून गाडी चालवणारे रोज दिसतात. जो ब्रेक बाबांच्या टकलावर थेंब आणतो तोच ब्रेक उभ्या मुलाला त्या कडेवर आपटतो. काच कशात अडली तर मागे फिरायची सोय हल्ली असते, पण तिच्या भरवशावर मुलाची मान ठेवू नये. धागाकर्त्यांची लेक बसलेली होती हे वाचून बरं वाटलं.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. बारक्याची आई, लेक बसलेलीच होती आणि पट्टाही लावलेला होता, फक्त हात मोकळे होते.

आज सकाळी परीक्षा केली. सनरूफ उघडलं तर पन्हळीत पुढच्या बाजूला खरोखरच पाणी साचलेलं. ते टिपून घेतलं. मी वरून कप ओतत होतो, बाबा खाली खुर्ची टाकून बसले होते आणि क्रिकेटच्या समालोचनासारखं "मागचा उजवा, आलं! मागचा डावा, आलं!" असं ओरडत होते. पुढचा उजवाही आला. पुढचा डावा, शांतता. पाणी कोपऱ्यात तसंच चढत गेलं. पाना पक्कड, तुम्ही गाडी न बघता कोपरा सांगितलात, दंडवत.

दोरी आत जाईना. बोटभर गेली की मऊसर काहीतरी लागायचं. शेवटी बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्याने (तिला हे अजून माहीत नाही, हा धागा ती वाचत नाही अशी आशा आहे) भोकाच्या तोंडातून एक पांढरट लगदा ओढून काढला. आधी वाटलं कोळ्याचं जाळं. तळहातावर पसरवून बघितलं तर कडेला बारीक फुलांची नक्षी.

टिश्यू. ज्या दिवशी घाबरून छप्पर बंद केलं त्या दिवशी सगळे कागद ट्रकवाल्याकडे गेले नव्हते, एक पन्हळीत अडकून राहिला होता. पुढच्या पावसांनी तो भिजवला आणि पाण्याबरोबर वाहत कोपऱ्यात नेऊन बसवला.

आता कपभर पाणी ओतलं की तीन सेकंदांत खाली येतं. गालिच्याखाली बोट घालून पाहिलं, कोरडा आहे. संध्याकाळी बाबांना घेऊन मुद्दाम सिग्नलच्या रस्त्याने फेरी मारली. एकही थेंब नाही. टोपी मात्र त्यांनी काढली नाही, आणि प्रत्येक लाल दिव्याला मान बाजूला घेणं चालूच आहे. त्यावर काही उपाय असेल तर सांगा, नाहीतर धागा बंद करायला हरकत नाही.

टपटप_पंत
त्यावर उपाय नाही. एक शंका आहे: चिमटा धुऊन ठेवलात का?

धागाकर्ता
धुवायला गेलो तर जागेवर नव्हता. गॅरेजमधून आवाज येतोय, "हा इथे कसा?" नंतर लिहितो.