पावसाळ्यात फोंताइन्हासमध्ये बसून कॉमिकचं पान: शाई फुटते, काळं राखाडी होतं

कोरा_कागद
रविवारच्या स्केचिंग भेटीत सुटी घरं न काढता दोन तासांत कॉमिकचं एक अख्खं पान पूर्ण करायचं आहे. इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांतल्या वेताळाभोवतीचे (फँटम) ठोस काळे, अमर चित्र कथेतली राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांची रेघ, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची खचाखच गर्दी, या तिन्हींवर माझा जीव आहे. पणजीचा मळा-फोंताइन्हास भाग तसाच ठसठशीत काळ्या-पांढऱ्यात यावा, एवढीच इच्छा.
सामान: ए४, १५० जीएसएमचं (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) स्पायरल पॅड, एचबी पेन्सिल, पिग्मा मायक्रॉन ०१ आणि ०५ (बारीक टोकाची शाईची पेनं), ४ नंबरचा ब्रश, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. जुलैपासून तीन अडचणी आहेत. ब्रशच्या रेघेला कडेने केस फुटतात. रबर फिरवला की मायक्रॉनची रेघ फिकी पडते. भरलेला काळा वाळल्यावर राखाडी दिसतो. शिवाय पान एकसुरी होतं, नजर कुठे ठरतच नाही. कुठून सुरुवात करू?

दौत_टाक
तिन्ही अडचणींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे नुसता कागद बदलून भागणार नाही.
केस फुटणं हा कागदाचा दोष. कागदाला दिलेली खळ शाईला पृष्ठभागावर धरून ठेवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघडं पडलेलं पॅड सादळतं, तंतू फुगतात, बरेच महिने तसंच राहिलं तर खळही उतरते. मग शाई तंतूंच्या वाटेने पळते. तपासायचं असेल तर पॅडच्या मधल्या पानावर आणि शेवटच्या पानावर निबने पाच सेंटिमीटरची रेघ ओढा आणि भिंगातून कड बघा. फक्त शेवटच्या पानावर फुटत असेल तर दमटपणा बाहेरून शिरतोय, मधली पानं वाचवता येतील. दोन्हीकडे फुटत असेल तर ते पॅड पेन्सिलसाठी ठेवा. शाईसाठी गुळगुळीत ब्रिस्टल (जाड, कडक ड्रॉइंग कागद) घ्या, २५० जीएसएमच्या पुढचं. सुटी पानं बरी, कारण स्पायरलच्या भोकांतून दमट हवा सरळ आत जाते.
रेघ फिकी पडते ती ग्रॅफाइटमुळे. एचबीचा जाड थर असला की शाई कागदाला न चिकटता त्या थरावर बसते आणि रबराबरोबर निघून येते. २एच ही कडक, फिकी पेन्सिल हलक्या हाताने वापरा, किंवा सरळ फिकी निळी पेन्सिल घ्या, ती खोडावीच लागत नाही. खोडायचंच असेल तर ऑगस्टमध्ये निदान वीस मिनिटं थांबा आणि पुट्टी रबर (मळता येणारा मऊ खोडरबर) दाबून उचला, घासू नका.
राखाडी काळा बहुतेक वेळा ब्रशातल्या पाण्याचा असतो. धुतलेला ब्रश फडक्यावर टिपल्याशिवाय बाटलीत गेला की शाई पातळ होते. काजळी तळाशी बसते, म्हणून बाटली दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करा. जोरात हलवली तर फेस येतो. काळा दोन हातांत भरा, दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर.
लाखेवर बनलेली वॉटरप्रूफ शाई दमट हवेत बराच वेळ चिकट राहते. पानं एकमेकांवर ठेवताना मध्ये बटर पेपर हवाच. ही शाई फाउंटन पेनात कधीच घालू नका, निबला शाई पोचवणारं फीड कायमचं तुंबतं. ब्रश अर्ध्या केसांपर्यंतच बुडवा आणि भेट संपण्याआधी साबणाने धुवा. मुळाशी शाई वाळली की टोक परत जुळत नाही.

बोरू
सामानाचं वर आलंच आहे, मी पानाबद्दल लिहितो.
चौकटी जागेवर आखू नका, घरूनच आखून न्या. ए४ला चारही बाजूंनी १५ मिमी समास सोडला की १८० × २६७ मिमी उरतात. तीन ओळी आणि मध्ये ६ मिमीच्या दोन फटी धरल्या तर प्रत्येक ओळ बरोबर ८५ मिमी उंच. वर एक आडवी चौकट, मधल्या ओळीत ८७ मिमीच्या दोन, खाली पुन्हा एक आडवी. दोन तासांत यापेक्षा जास्त चौकटी घेतल्या तर शेवटच्या चौकटीची घाई स्पष्ट दिसते. पहिली दहा मिनिटं फक्त फिरा. मग ६ × ९ सेंमीचे दोन-तीन छोटे आराखडे पंधरा मिनिटांत, पेन्सिल पस्तीस, शाई पंचेचाळीस आणि शेवटची पंधरा ठोस काळ्यासाठी.
एकसुरीपणा बहुधा तुमच्या हॅचिंगमधून, म्हणजे छटेसाठी मारलेल्या जवळजवळच्या रेघांतून येतोय. लोक पान फोनवर बघतात. १०८० पिक्सेल रुंदीत ए४ बसवलं की एक मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल मिळतात. ०१ची रेघ पाव मिलिमीटरची, म्हणजे सव्वा पिक्सेल. दोन रेघांत अर्धा मिलिमीटर अंतर असेल तर सगळं धुरकट होणारच. अंतर एक ते दीड मिलिमीटर ठेवा आणि गडद हवं तिथे हॅचिंग वाढवत बसू नका, सरळ काळं भरा.
फोंताइन्हाससाठी रंगांची एक खूणगाठ आधीच बांधून ठेवा. पिवळी भिंत कोरी, निळीवर विरळ आडव्या रेघा, तांबडीवर दाट रेघा, खिडकीभोवतीचा पांढरा पट्टा कायम कोरा. मग शेजारची तीन घरं रंगाशिवायही वेगळी ओळखू येतात. जांभ्याचं प्रत्येक भोक काढू नका. कोपऱ्यात सात-आठ पुरेत, उरलेली भिंत वाचणारा स्वतः भरतो. शिंपल्यांच्या खिडकीची जाळी मात्र नीट काढा, नाहीतर ती साधी काचेची वाटते.
पावसात सावली नसते, तेव्हा काळा उजेडावरून ठरवता येत नाही, वस्तूवरून ठरवा: कौलांच्या खालची पोकळी, उघड्या दाराच्या आतला अंधार, छत्री, ओला रस्ता. मेच्या सुरुवातीला दुपारी उलट असतं. सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि पागोळीची सावली भिंतीवरून सरळ खाली उतरते. तो काळा आयता मिळतो. कला अकादमीतल्या दीनानाथ मंगेशकर सभागृहात भिंतींवर मारियोंची माणसं आहेत, ती जरूर बघा. एवढ्या गर्दीत एकही चेहरा हरवत नाही, आणि त्यात नक्षीच्या आणि ठोस कपड्यांचं मोठं काम आहे. चौकड्याच्या शर्टामागे कोरं, कोऱ्या झग्यामागे काळं.
अक्षरांबद्दल आग्रहाने सांगतो. इंग्रजी कॉमिकची मापं देवनागरीला चालत नाहीत. अक्षराची उंची ४ मिमी धरली तर वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला प्रत्येकी ३ मिमी सोडा, म्हणजे ओळ १० मिमीची. आधी अक्षरं लिहा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा. उलट केलं की शेवटचा शब्द चेपून जातो. एका चौकटीत वीस शब्दांच्या पुढे जाऊ नका.

कोरा_कागद
देव बरें करूं, दोघांनाही. निळी पेन्सिल स्कॅनमधून काढायची कशी? आणि धो-धो पाऊस असेल तर भेट कुठे ठेवावी? आम्ही बारा-पंधरा जण असतो.

आल्तिनो_उतरण
६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, ए४चे साधारण ४९६० × ७०१६ पिक्सेल होतात. मग फोटो एडिटरच्या रंग-चॅनलमध्ये (लाल, हिरवा, निळा) फक्त निळा ठेवा. निळ्या चॅनलमध्ये निळी रेघ पांढऱ्याजवळ जाते आणि काळी काळीच राहते. त्यानंतर थ्रेशोल्ड, म्हणजे सगळं निव्वळ काळं किंवा पांढरं करणं. थेट ग्रेस्केलमध्ये स्कॅन केलंत तर निळ्याचा राखाडी होतो आणि मग तो सुटत नाही, इथेच बहुतेक जण चुकतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडत नसलेल्या जागी, कागद भिंतीवर चिकटवून फोन समांतर धरा.
पावसात पंधरा जण एका गल्लीत नकोतच. फोंताइन्हासच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि बल्कांव (घरापुढचा बाकांचा सोपा) ही घराची बैठक आहे, सार्वजनिक बाक नाही. बसायचं तर घरच्यांना विचारून. पायऱ्याही तशाच. तिघा-तिघांच्या टोळ्या करा, फोल्डिंग स्टूल भिंतीला लावा, शाईची बाटली जमिनीवर न ठेवता टेपने पॅडच्या पुठ्ठ्याला चिकटवा. लोकांच्या उंबऱ्यावर सांडलेली वॉटरप्रूफ शाई निघत नाही.
मुसळधार असेल तेव्हा पणजीचा बाजार उत्तम. खांबाला टेकून उभं राहा, जाण्यायेण्याची वाट सोडा, मासळीवालीचा चेहरा काढण्याआधी विचारा. नाहीतर पणजी-बेती फेरीबोट: काही मिनिटांची खेप, एका खेपेत एकच माणूस, फक्त ब्रश पेनने. हालचाल पकडायचा एवढा चांगला सराव दुसरीकडे मिळत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या नरकासुराच्या पुतळ्यांसाठी हात आत्तापासून तयार होईल, आणि कॉमिकला त्याहून सरस पात्र आपल्याकडे कुठे आहे!

दौत_टाक
साठवण राहिली होती. कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणारं सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पुन्हा नारिंगी होतात. तांदळाची पुरचुंडी ठेवू नका, ती फारसा दमटपणा ओढत नाही आणि किडे येतात ते वेगळेच. डबा भरण्याआधी पानं अर्धा तास पंख्याखाली पसरा. आधीच सादळलेला कागद बंद केला तर आत बुरशीच वाढते. आणि भेटीला निघताना पूर्ण पॅड नेऊ नका. चार पानं झिप पिशवीत, बाकीची डब्यातच.