मदत हवी आहे : इनामांची नवी खुर्दखते कधी घ्यावी लागत?

दख्खनमधील सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील इनामजमिनींच्या कागदपत्रांचा मी अभ्यास करीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे साहाय्य हवे आहे. दरवर्षी नव्या खुर्दखताचा (सरकारी हुकूमपत्राचा) आग्रह धरू नये, नक्कल ठेवून घेऊन अस्सल पत्र इनामदारास परत द्यावे, असा स्पष्ट हुकूम या पत्रांच्या अखेरीस बहुधा असतो. तरीही सुलतान किंवा मोकासदार (गावाचा महसूल नेमून दिलेला सरदार वा अधिकारी) बदलला की तेच इनामदार जुनी फर्माने घेऊन नव्या सत्तेकडे जातात आणि आपले इनाम ‘कारकीर्द दर कारकीर्द’ चालत आल्याचे सांगून ते पुढे चालवण्याची विनंती करतात. १६३६ मध्ये निजामशाही संपून पुणे प्रांत आदिलशाहीकडे गेला, तेव्हा हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे फार गंभीरपणे उभा राहिला असणार.

मूळ दान कायमचे असूनही नव्या मान्यतेवाचून स्थानिक अंमलदार उत्पन्न अडवत असत, की ही केवळ खबरदारी होती? माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. एकाच इनामाचे निजामशाही आणि आदिलशाही असे दोन्ही कागद उपलब्ध असलेली उदाहरणे, विशेषतः धर्मादाय इनामांची, कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया संदर्भासह कळवावे.