अक्वायनसचा अन्यायी कायदा आणि आईची पाटी

मेथीची_जुडी:
एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ज्युरिसप्रुडन्ससाठी (कायद्याचं तत्त्वज्ञान) थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताचा ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा ग्रंथ वाचतेय आणि एका जागी अडकलेय.

आई पंचवीस वर्षं दादरला स्टेशनबाहेर पालेभाजी विकते. मंगळवारी पालिकेची जप्तीची गाडी आली. जुड्यांवरचं ओलं गोणपाटसुद्धा उचलून नेलं. फूटपाथ मोकळा हवा हे आईलाही पटतं, रात्री तिलाही त्याच गर्दीतून धक्के खात घरी यायचं असतं. पण दोन पावलांवर दुकानदाराने मांडलेल्या क्रेटना कोणी हात लावला नाही.

अक्वायनस म्हणतो, कायदा म्हणजे विवेकाने, सर्वांच्या हितासाठी, समाजाची काळजी वाहणाऱ्याने केलेला आणि जाहीर केलेला नियम. हेतू सर्वांच्या हिताचा असला तरी बोजा असमान पडला, तर तो कायदा नव्हे, जबरदस्ती. साडेसातशे वर्षांपूर्वीची ही ओळ वाचली आणि पुस्तक मांडीवर ठेवून आईकडे बघत राहिले. ती सुई-दोऱ्याने दुसरं गोणपाट शिवत होती.

पण लगेच पुढे तो म्हणतो, असा कायदा मनाला बांधत नाही, तरी गोंधळ टाळायला माणसाने आपला हक्क सोडावा. आधार मत्तयच्या शुभवर्तमानाचा: बंडी घेऊ पाहणाऱ्याला अंगरखाही द्या. हे मला पटत नाही. ज्याच्याकडे एकच बंडी आहे त्याला हे सांगायचं?

वसईचा_दिनू:
ताई, मी तीन वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, होतो. मूळ लॅटिनमध्ये तिथे ‘कदाचित’ आहे. सवलत आहे ती, आज्ञा नव्हे. तुम्ही वाचताय तो भाग ‘सुम्मा’च्या कायद्यावरच्या ९६व्या प्रश्नातला (तिथे प्रकरणाला प्रश्न म्हणतात); त्यातच पुढे वेशीचा दाखला वाचा. वेढ्यात दरवाजे बंद ठेवायचा हुकूम आहे, पण शत्रू पाठीशी लागलेले आपलेच लोक बाहेर असतील तर दरवाजे उघडावेत. मात्र संकट तातडीचं नसेल तर अधिकाऱ्यांना विचारा, असंही तो म्हणतो. तुमची शंका तिथे खरी ठरते. तातडी कोणाची, हे आत बसलेलाच ठरवणार.

जुना_वकील:
बाळ, आणखी एक विसरू नकोस. याच ग्रंथात पाखंड्यांना देहदंड योग्य ठरवलाय. कायदा करणं अख्ख्या समाजाचं किंवा त्याची काळजी वाहणाऱ्याचं काम, असं तो लिहितो, पण त्या काळजीवाहूला जाब कसा विचारायचा याची वाट पुरेशी दाखवत नाही. मला त्याचं दुखणं हेच वाटतं.

आता आईचं बघ. पथविक्रेता कायदा, २०१४. विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. जप्त मालाची सही केलेली यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागितला की त्याच दिवशी परत. नगर विक्री समितीत किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत. यादी मिळाली का?

मेथीची_जुडी:
नाही काका. फक्त दंडाची पावती, कार्बनखालची, अक्षर लागत नाही. माल मागायचा असतो हेच आईला माहीत नव्हतं, आणि मलाही नाही. म्हणजे आमच्यापर्यंत कायदा जाहीर झालाच नव्हता. भाजी तर गेली. काटा आणि भाजीची पाटी अजून पालिकेकडे आहे. आज रात्री अर्ज मराठीत लिहिते, आईला वाचून दाखवते, सही तिची. उद्या कॉलेज बुडवून दोघी जातोय.