भाड्याच्या फ्लॅटमध्ये ओल: खर्च घरमालकाचा की आपला?

प्रश्न (पाथर्डी फाटा, नाशिक):
चार मजली सोसायटी, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे, तिथे खालून दोन-अडीच फुटांपर्यंत पुट्टीचे पापुद्रे सुटलेत. पश्चिमेच्या खिडकीखालीही डाग आहे, पण तो पावसाळ्यातच वाढतो. घरमालक म्हणतात, "तुम्ही खिडक्या बंद ठेवता म्हणून होतं, रंग तुम्हीच मारा." ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, नोंदणीकृत. भाडं १२,०००. खर्च भाड्यातून कापता येईल का?

उत्तर १:
आधी पाणी कुठून येतंय ते शोधा, पैशांचं त्यावरच ठरेल. हे दोन डाग एकाच कारणाचे वाटत नाहीत.

पापुद्रे नसलेल्या पण ओलसर जागी दीड फूट चौरस प्लास्टिक चारही कडांना टेप लावून २४ ते ४८ तास ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतली वाफ, म्हणजे मालकांचं म्हणणं खरं. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे ओल आली तर पाणी भिंतीतूनच येतंय.

मग बाथरूम दोन दिवस अजिबात वापरू नका. ओल तशीच राहिली तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्या, कारण त्यात पाणी सतत दाबाखाली असतं. कमी झाली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या पाणी जाण्याच्या जाळीच्या) कडेला. मग ट्रॅपला बूच लावून इंचभर पाणी २४ तास साठवा. उंबरठ्यावरून बाहेर येणार नाही इतकंच भरा, आणि खालच्यांना आधी सांगून त्यांचं छतही बघा.

उत्तर २:
कापू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमच्या आकड्यांत १,४४,००० चे ३६,०००.

मात्र हे भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा परवानाधारक असतो, त्याचं सगळं करारातल्या कलमांवर चालतं. परस्पर भाडं कापलंत तर थकबाकीदार ठराल आणि डिपॉझिटमधून वजावट होईल. त्यामुळे करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा, तारखेसह फोटो लेखी पाठवा आणि "मी काम करून घेतो, बिलाची रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करा" यावर मालकांचा लेखी होकार आल्याशिवाय गवंड्याला हात लावू देऊ नका.

उत्तर ३:
खिडकीखालचा डाग मालकांच्याही खिशाचा नसेल. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) बाहेरच्या भिंतीतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चात येते, बाथरूमची अंतर्गत गळती त्या सदनिकाधारकाच्या. अर्ज मालकाच्या सहीने सेक्रेटरीकडे द्या, सभासद ते आहेत.

तुमचं काम एवढंच: सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. ती बुजली की पश्चिमेचा पाऊस आत साचतो आणि सरळ भिंतीत उतरतो. बाहेरून चौकटीभोवतीचं सिलिकॉन तुटलंय का तेही बघा.

प्रश्नकर्ता:
प्लास्टिकच्या मागे ओल आली. बाथरूम बंद ठेवल्यावर कमी झाली. आता?

उत्तर १:
मग वाफेचा मुद्दा संपला, काम मालकांचं. फरशीच्या सांध्यांतला जुना ग्राउट (फटींतलं भरण) ३-४ मिमी खरवडून सांधे पूर्ण सुकवायचे आणि इपॉक्सी ग्राउट भरायचा. वरून पांढरं सिमेंट फासलं तर ते धुऊन जातं. ट्रॅपच्या कडेचा सांधाही त्यातच घ्या. मग पाणी साठवून पुन्हा तपासा, आणि गळती थांबल्यावरच बेडरूमकडे वळा: डागाच्या पुढे फूटभर गिलावा विटेपर्यंत काढा, भिंत सुकू द्या, नंतर १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा, सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव. सात दिवस पाणी मारा.

पुट्टीची घाई मालक करतील, तुम्ही करू देऊ नका. ओलीत विरघळलेले क्षार सुकताना रंगाखाली स्फटिक होतात आणि पुट्टी ढकलून काढतात, लोणा म्हणतात तो हाच. नवा गिलावा पूर्ण सुकला की तिथेच पुन्हा प्लास्टिक लावा. दोन दिवसांत मागची बाजू कोरडी राहिली तरच रंग.