गोव्यात राहून गोल्फचा हँडिकॅप काढावा का?

मांडवीकाठ

गोव्यात आपण खेळतो ते बहुतेक नऊ होलवर. काणकोणला राजबागेवर ललित हॉटेलचा दुहेरी टींचा (प्रत्येक होलला सुरुवातीच्या दोन जागा असलेला) कोर्स आहे, बाणावलीला ताज एक्झॉटिकाचा छोटा पिच-अँड-पट, म्हणजे आखूड फटक्यांचा कोर्स. त्यामुळे ‘आपल्याला हँडिकॅप (किती शॉटांची सूट मिळणार ते ठरवणारा आकडा) कशाला’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. माझं मत सरळ उलटं आहे: काढाच, आणि इथल्याच स्कोअरकार्डांवर काढा.

२०२० पासून जगभर एकच वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आहे. तिला सुरुवातीला फक्त ५४ होल लागतात. नऊ होलचे सहा राउंड, अठराचे तीन किंवा दोन्हींची सरमिसळ, काहीही चालतं. इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेल्या एखाद्या क्लबचं सभासदत्व मात्र हवं; इंडेक्स, म्हणजे अधिकृत हँडिकॅप, क्लबामार्फतच मिळतो. पैसे भरण्याआधी क्लबाला दोन प्रश्न विचारा. बाहेरच्या कोर्सवरचं कार्ड भरता येतं का? आणि साधा राउंड मोजायचा असेल तर आधी नोंद करावी लागते का?

मी खेळणार त्या टीला कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) आणि स्लोप (त्या मानाने साध्या खेळाडूला कोर्स किती कठीण) आहे का, हा प्रश्न कोर्सच्या ऑफिसात विचारायचा. हे दोन आकडे नसतील तर कितीही सुंदर खेळा, कार्ड मोजलं जात नाही. लहान कोर्सना रेटिंग मिळणं २०२४ पासून सोपं झालंय. नऊ होलसाठी किमान लांबी आता ७५० यार्ड, म्हणजे साधारण ६८६ मीटर. आधी ती १,५०० यार्ड होती.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातसुद्धा माप ठरल्याशिवाय व्यवहार होत नाही. आपण मात्र ‘तू मला दोन शॉट दे, मी तुला तीन देतो’ असं पहिल्या टीवर घासाघीस करत बसतो.

खारा वारा

मांडवीकाठ, पद्धत तुम्ही अचूक सांगितलीत, सल्ला मात्र पटला नाही. छोट्या कोर्सवर हातात वेज आणि पटर. ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) बॅगेतच राहतो. अशा कार्डांवर इंडेक्स १४ आला आणि गडी पुण्याला पूना क्लबच्या कोर्सवर उतरला की तिथे त्याला साधारण तेवढेच शॉट मिळणार. पण ड्रायव्हर उजवीकडे पळतोय, लांब लोखंडी क्लब चालत नाहीत. तो तीस हँडिकॅपच्या माणसासारखा खेळणार. एकट्याची स्पर्धा असेल तर नुकसान त्याचं. फोर-बॉल (दोघादोघांच्या जोड्यांचा सामना) असेल तर भागीदारही बुडतो.

स्लोप हे सगळं भरून काढतो, असं म्हणू नका. स्क्रॅच खेळाडू (हँडिकॅप शून्य) आणि बोगी खेळाडू (हँडिकॅप साधारण वीस) यांच्या अपेक्षित स्कोअरमधला फरक घ्यायचा, पुरुषांसाठी ५.३८१ ने गुणायचा: एवढाच स्लोप. तुमच्या ड्रायव्हरला वळण किती, हे त्याला कुठून कळणार?

पार-पाच

दोघांच्या मध्ये हिशोब मांडतो, कारण ‘हँडिकॅप म्हणजे सरासरी’ हा गैरसमज इथेही डोकावतोय. ती सगळ्या कार्डांची सरासरी नव्हे. शेवटच्या २० कार्डांतल्या सर्वांत चांगल्या ८ डिफरन्शियलची ती सरासरी आहे. म्हणून आपल्या हँडिकॅपइतकं खेळणं चार-पाच राउंडांत एकदाच जमतं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. पार (कोर्सला ठरवून दिलेले फटके) ७२, रेटिंग ७०.८, स्लोप १२४. तीन कार्डं: १०२, १०७, ९९. स्कोअरमधून रेटिंग वजा करायचं, ११३ ने गुणून स्लोपने भागायचं. ही उत्तरं म्हणजे डिफरन्शियल: २८.४, ३३.० आणि २५.७. तीनच कार्डं असताना सर्वांत कमी एक घेऊन त्यातून आणखी २.० वजा होतात, म्हणजे इंडेक्स २३.७. चार कार्डांवर वजावट १.०, पाचवर शून्य. सहा झाली की कमीतल्या दोनांची सरासरी, वजा १.०. पुढे टप्प्याटप्प्याने वीसला आठ.

आता हाच इंडेक्स दोन ठिकाणी न्या. कोर्स हँडिकॅप काढताना इंडेक्सला स्लोपने गुणून ११३ ने भागायचं आणि रेटिंग व पार यांतला फरक मिळवायचा. स्लोप १३५, रेटिंग ७२.५, पार ७२ असेल तर २९ शॉट. स्लोप ९५, रेटिंग ६३, पार ६६ असेल तर १७. माणूस तोच, फरक बारा शॉटांचा. एकट्याच्या स्ट्रोक प्लेला (एकूण फटके मोजायचे) याच्या ९५ टक्के, म्हणजे पूर्णांक न केलेल्या २८.८ चे २७. मॅच प्लेला (होलगणिक हार-जीत) पूर्ण.

सर्वांत जास्त कार्डं बिघडतात ती एका होलवरच्या मर्यादेपाशी. इंडेक्स नसताना एका होलला जास्तीत जास्त पार अधिक ५. इंडेक्स मिळाल्यावर पार अधिक २ अधिक त्या होलवर मिळणारे शॉट. २९ वाल्याला स्ट्रोक इंडेक्स (होलच्या कठीणपणाचा क्रम) १ ते ११ वर दोन-दोन शॉट, बाकी होलवर एक-एक. म्हणजे स्ट्रोक इंडेक्स ६ च्या पार चारवर ८, स्ट्रोक इंडेक्स १५ वर ७. कार्डावर खरे फटके लिहा, कापाकापी नंतर होते.

काणकोण-९

पार-पाचांचा हिशोब बरोबर आहे. मला चिंता वाटते ती कार्ड खरं असण्याची. एकट्याने खेळलेला राउंड चालत नाही. मार्कर, म्हणजे स्कोअर नोंदवणारा, म्हणून दुसरं माणूस हवं. आपल्याकडे बरोबर खेळणारा बहुतेक वेळा आठवड्यासाठी आलेला पाहुणा असतो, आणि ‘राहू दे, दोन फुटांचं आहे’ म्हणत तो बॉल उचलून देतो. स्ट्रोक प्लेमध्ये बॉल होलमध्ये जाईपर्यंत होल संपत नाही. पहिल्या टीवरच त्याला सांगा: आज कार्ड भरायचंय, पट सोडायचे नाहीत, पहिला फटका चुकला म्हणून दुसरा बॉल मारायचा नाही, पाण्यात गेला तर दंडाचा एक शॉट धरायचा. चारांनी मिळून खेळायचा स्क्रँबल मोजला जात नाही. कार्ड त्याच दिवशी, मध्यरात्रीच्या आत भरा.

पावसाळ्याचंही सांगतो. जून ते सप्टेंबर बॉल जमिनीत रुततो, चिखल लागतो. कोर्सने प्रेफर्ड लायचा स्थानिक नियम लावला असेल तर बॉल उचलून पुसून ठेवता येतो आणि कार्डही चालतं. पण फेअरवेच्या उंचीइतक्या किंवा त्याहून कमी कापलेल्या गवतावरच, आणि नियमात दिलेल्या अंतरातच. रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, उचललात तर दंड.

आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, त्याची भरपाई आपल्याला मिळत नाही. हवामानाची दुरुस्ती, म्हणजे पीसीसी, त्या दिवशी त्या कोर्सवर किमान आठ पात्र स्कोअर आल्याशिवाय मोजलीच जात नाही. रिसॉर्टच्या कोर्सवर एका दिवसात आठ कार्डं कुठून येणार?

खारा वारा

माझा मुद्दा अजून तसाच आहे, आणि पार-पाचांच्या आकड्यांनी तो पक्का झाला. समजा वीसही कार्डं सोप्या कोर्सची आहेत. आता पुण्या-बंगळूरची कार्डं भरायला लागलो आणि ती सगळी वाईट आली. वीसात आठ सोपी कार्डं शिल्लक आहेत तोवर, म्हणजे बाहेरची बारा भरेपर्यंत, बाहेरचं एकही कार्ड सरासरीत शिरत नाही. वर्षाला दोन फेऱ्या, फेरीत दोन राउंड धरले तर तीन वर्षं. त्यापुढेही वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा ३.० वर गेलं की वाढ निम्मी होते आणि ५.० ला थांबते. चुकीचा आकडा एवढा चिकटून बसतो!

मांडवीकाठ

बारा कार्डांचा हिशोब मान्य. मी तो केला नव्हता, आणि माझ्या सल्ल्यातली ती खरी उणीव आहे. तरी ‘काढू नका’ हे उत्तर पटत नाही. हा आकडा आधी कुठे वापरायचा? इथेच, आपल्याआपल्यात, रविवारी सकाळी. इथल्या जोडीदाराशी बरोबरीने खेळायला इथल्या कार्डांवरचा इंडेक्स अगदी योग्य आहे.

पार-पाच

खारा वारा, यावर नियमातच एक वाट आहे. नियमाने खेळलेला, मोजण्यायोग्य प्रत्येक राउंड भरावाच लागतो. नंतर बघून निवडता येत नाही. पण सरावाचा राउंड सरावाचाच ठेवायला कोणी अडवत नाही. दोन बॉल घेऊन खेळलात की तो राउंड मोजण्यायोग्य राहत नाही. हे पहिल्या टीच्या आधी ठरवायचं, नवव्या ग्रीनवर स्कोअर बघून नव्हे. ज्याला पुण्यातल्या स्पर्धेत उतरायचंय त्याने छोट्या कोर्सवर सरावच करावा आणि पहिले ५४ होल सलग दोन-तीन दिवसांत मोठ्या कोर्सवर खेळावेत.

खारा वारा

हे चालेल. फक्त त्या ५४ होलना टी कुठली, तेही आधी ठरवा. मागच्या टीवरून खेळून पुढच्या टीचं रेटिंग कार्डावर लिहिलं की पुढचं सगळं गणित फुकट.