कानात हेडफोन घालून काम करणं हा कामचुकारपणा आहे का?

हिशेबनीस_सांगली:
परवा आमच्या व्यापारी ग्रुपवर एका ज्येष्ठांची पोस्ट आली. म्हणणं असं, की कानात हेडफोन घालून बसलेली पोरं कामाला निम्मीच असतात, हाक मारली तर ऐकत नाहीत, दारात आलेल्या गिऱ्हाइकाचा अपमान होतो, आणि आम्ही सौद्याच्या गलक्यात खतावण्या जुळवल्या, आम्हाला कधी कानात बोळे घालावे लागले नाहीत. खाली अंगठ्यांची रांग लागलेली. तिथं उत्तर दिलं नाही, कारण अंगठे देणाऱ्यांत आमचे बरेच अशील. पण राग जात नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

मी मार्केट यार्डाजवळ एका कर सल्लागारांकडे काम करते. हळदीचा हंगाम सुरू झाला की खिडकीखाली टेम्पोंचे हॉर्न आणि हमालांच्या आरोळ्या दिवसभर. त्याचं मला काही वाटत नाही. सगळं मिसळून एकच आवाज होतो आणि थोड्या वेळानं कान त्याकडं लक्ष देईनासा होतो. जीव खातो तो खोलीतला आवाज. जीएसटीचं टू-बी म्हणून पत्रक असतं, विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांचं. त्यातली बिलं मी अशिलांच्या खरेदीच्या रजिस्टरशी जुळवत असते. बिलाचा नंबर १६ अक्षरांपर्यंत असू शकतो. तो डोळ्यांनी उचलायचा, डोक्यात धरायचा आणि दुसऱ्या स्क्रीनवर शोधायचा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर स्पीकरवर फोन लावून कुणीतरी विचारतं, "हॉल कुठल्या तारखेचा मिळाला?" झालं, नंबर गेला. पुन्हा पहिल्यापासून. ३-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची २० तारीख तोंडावर असताना हे दिवसभर चालतं.

हा माझा चोचलेपणा नाही. सालामे आणि बॅडली या संशोधकांनी १९८२ मध्ये माणसांना डोळ्यांसमोर आकडे दाखवून लक्षात ठेवायला सांगितले आणि मागे नुसतं कुणाचं तरी बोलणं लावलं. त्याकडं लक्ष देऊ नका असं सांगूनही चुका वाढल्या. शब्द नसलेल्या गोंगाटानं तेवढ्या वाढल्या नाहीत. १९८९ मध्ये त्यांनीच गाण्याचं तपासलं, तेव्हा शब्द असलेलं गाणं नुसत्या वाद्यांपेक्षा जास्त त्रास देतं असं दिसलं. म्हणून आकडे जुळवताना मी गाणं लावतच नाही, नुसता पंख्यासारखा सलग आवाज लावते. बिलं स्कॅन करताना, फायली लावताना मात्र गाणी लागतात, नाहीतर दुपारी तीनला डोळे मिटतात.

तेव्हा सौद्याचा गलका आणि शेजारच्याचं बोलणं यांची तुलना करू नका. आणि ज्यांना स्वतःची केबिन आहे, दार लावून बसता येतं, त्यांनी आम्हाला बोळे काढा म्हणू नये.

कुपवाडचा_फोरमन:
ताई, ऑफिसचं तुमचं तुम्ही बघा. पण असलं लिहिलं की उद्या आमची पोरं हेच दाखवत शॉपवर बड घालून येतात, म्हणून बोलतो. मी एमआयडीसीत लेथपासून सीएनसीपर्यंत सगळं चालवलंय. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, घासत आला की कटिंगचा आवाज बदलतो, जॉबवर चाटर, म्हणजे थरथरीच्या रेघा, यायच्या आधी कानाला कळतं. बेअरिंग जाम व्हायच्या आधी घरघरतं. हे मीटरवर दिसायच्या आत ऐकू येतं. कान बंद केलेला ऑपरेटर म्हणजे निम्मं मशीन आंधळं.

आमच्याकडं एक अप्रेंटिस होता, हुशार पोरगा. एका कानात गाणं चालू. चिपची, म्हणजे कापलेल्या धातूच्या किसाची, लांब गुंडाळी हातमोज्याला अडकली. शेजारचा ओरडला, मी ओरडलो, त्याला पत्ता नाही. कुणीतरी धावत जाऊन लाल बटण दाबलं म्हणून बोटं राहिली, टाके पडले. त्या दिवसापासून माझ्या शॉपवर मोबाइल गेटवर जमा. मला कुणी जुन्या काळाचा म्हणालं तरी चालेल.

हिशेबनीस_सांगली:
काका, मी शॉपवर घाला असं कुठं म्हटलंय? माझ्या टेबलावर फिरतं काहीच नाही, पंखा सोडून. पण तुमच्या मशीनचा नियम तुमचेच मालक ऑफिसातल्या अकाउंटंटलाही लावतात, तिथं भांडण आहे.

अभ्यासिका_विश्रामबाग:
स्पर्धा परीक्षेवाली आहे, म्हणून माझंही ऐका. घरी दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत टीव्ही. कानात घातलं की आई म्हणते शिष्ट झालीस, काढलं की मालिकेतली सासू ओरडते. म्हणून पैसे भरून अभ्यासिकेत जाते, तर मागं मंगल कार्यालय. लग्नाच्या हंगामात बँडचा सराव, मग वरात. पावसाचा आवाज लावून वाचते.

एक सांगते, नॉइज कॅन्सलिंगवर उगाच पैसे घालू नका. ते बाहेरच्या आवाजाची उलटी लाट सोडतं, म्हणून पंखा, जनरेटर, एसटीचं इंजिन असा खालच्या पट्टीचा सलग आवाज छान दाबतं. माणसाचं बोलणं, ताटली पडल्याचा आवाज, फटाका यांना ते फारसं पुरत नाही. त्यापेक्षा मेडिकलमधले फोमचे बोळे स्वस्त आणि जास्त कामाचे.

तंतुवाद्यवाला_मिरज:
तुम्ही सगळे एकच गोष्ट धरून चालला आहात, की गाणं हे कामाच्या मागं लावून ठेवायची वस्तू आहे. याचाच मला मनस्ताप होतो.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम. मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, तो वाळवायचा, कापायचा, लाकडाला बसवायचा, रंग, नक्षी. एवढं करून तंबोरा बोलत नाही. तो बोलतो जवारीनं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसीनं इतका हलका घासायचा, की तार तिथं नुसती चाटून गेली पाहिजे. तारेखाली सुताचा धागा, आम्ही त्याला जीव म्हणतो, तो सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. जास्त घासलं तर घोडी वाया. या कामाला माप नाही, कान हेच माप. जवारी लावताना आमच्यात कुणी बोलत नाही, चहासुद्धा कुणी विचारत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ठेवणाऱ्यांतले किती जण दहा मिनिटं दुसरं काही न करता तंबोरा ऐकतात? किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब या गावात राहिले, ते १९३७ मध्ये गेले, अजून दर्ग्यात त्यांच्या नावानं गाणं होतं. तिथंही मागं बसून लोक मोबाइल चाळतात. दिवसभर कानात गाणं ओतलं की रात्री खरं गाणं ऐकायला कान शिल्लक राहत नाही. काम करायचं तर काम करा, गाणं ऐकायचं तर गाणं ऐका.

अभ्यासिका_विश्रामबाग:
दादा, तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण जात्यावर ओव्या म्हटल्या जात होत्या, सुगीत भलरी होती, मोट हाकताना गाणं होतं. आमची आजी मैफलीला कधीच गेली नाही, तिचं सगळं गाणं कामातच. ते काय खोटं होतं?

तंतुवाद्यवाला_मिरज:
खोटं नव्हतं. पण आजी गात होती. तुम्ही गात नाही, तुमच्या कानात कुणीतरी दुसराच गातो. भलरीनं दहा विळे एका लयीत चालत होते, तुमच्या हेडफोननं एका टेबलावरची दोन माणसं दोन गावांत जातात.

विट्याचा_यंत्रमाग:
भलरीचं काय घेऊन बसलाय. आमच्या शेडमध्ये या. शटलचे माग चालू असले की ९० डेसिबलच्या वर आवाज. कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० हीच मर्यादा, आणि आमच्यात पाळी बारा तासांची. वडिलांनी आयुष्य त्यात काढलं. साठीच्या आत त्यांना समोरचा माणूस ऐकू येईना. घरात सगळे ओरडून बोलायचे आणि त्यांना वाटायचं आपल्यावर चिडलेत. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. तुम्हाला गाणं मागं लावावं की पुढं याची चर्चा सुचते, आमच्यात कुणी साधे बोळे वाटले नाहीत.

आणि आता मी पाळी करून घरी येतो तर दारात डॉल्बी. वर्षभर कुठली ना कुठली मिरवणूक. कामावरही आवाज, घरीही आवाज. त्यावर बोला.

मंडळ_कार्यकर्ता:
आला का डॉल्बी! काहीही विषय काढा, शेवट सणावर. भाऊ, वर्षातनं चार दिवस पोरं नाचतात, वर्गणी आम्ही दारोदार फिरून गोळा करतो, त्याच मंडळानं पुरात कृष्णेकाठची कुटुंबं हलवली. तेव्हा आवाजाचा त्रास कुणाला झाला नाही.

रात्रपाळी_सिस्टर:
पुरातलं काम मीही बघितलंय, त्याबद्दल हात जोडते. पण डॉल्बीचं बिल त्याच्यातनं वळतं करू नका. मी मिरजेत नर्स आहे. या गावात देशभरातनं पेशंट येतात. २००० च्या नियमात हॉस्पिटलभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, तेही बारापर्यंतच, सवलत देता येते. एका मिरवणुकीच्या रात्री आयसीयूत मॉनिटरचा अलार्म मला ऐकू आला नाही. काचा थरथरत होत्या. नजर गेली म्हणून कळलं. पेशंट वाचला. पुढचं काय सांगू?

मंडळ_कार्यकर्ता:
आमचं मंडळ हॉस्पिटलसमोर बंद ठेवतं. दुसऱ्यांचं आमच्यावर ढकलू नका.

विट्याचा_यंत्रमाग:
बंद कुठं, आमच्याकडं मंडळं नुसतं कमी करतात. मी हॉस्पिटलसमोरच राहतो, मला सांगू नका.

मंडळ_कार्यकर्ता:
विट्यात राहून मिरजेतलं दिसतं तुम्हाला? पाळीला जाता की नुसतं मोबाइलवर बसता?

विट्याचा_यंत्रमाग:
हॉस्पिटल विट्यात नाही का? आणि पाळीवर बोलू नका. बारा तास उभं राहून दाखवा, मग तोंड उघडा.

साउंडवाला_सातारा:
मी भाड्यानं साउंड देतो, मलाही बोलू द्या. कर्ज काढून सिस्टीम घेतली, चार पोरं माझ्यावर जगतात. आवाज वाढव म्हणून धमकी मंडळ देतं, केस होते माझ्यावर, सिस्टीम जप्त होते माझी. सभेला, कीर्तनाला मी ६५-७० डेसिबलमध्ये सुंदर आवाज देतो, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो. ते कुणाला नको असतं, छातीत धडधडलं पाहिजे. बेस भिंतीतनं जातो, खिडक्या लावून काही होत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. माझ्या स्वतःच्या कानात रात्री शिट्टी वाजते.

मंडळ_कार्यकर्ता:
ठीक आहे, दहानंतर नको हे मला मान्य आहे. आधीही होतं. पण दिवसासुद्धा सण गप्प करा म्हणाल तर नाही.

रात्रपाळी_सिस्टर:
दिवसा मी झोपते. रात्रपाळीचं गाव दिवसाच झोपतं.

हिशेबनीस_सांगली:
धागा माझा आहे, परत आणते. तुम्ही सगळे जे बोलताय ते माझंच म्हणणं आहे. शांतता आम्हाला कुणी देत नाही, म्हणून आम्ही ती विकत घेऊन कानात घालतो. कडेगाव तालुक्यात मोहित्यांच्या वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं, पोरांच्या अभ्यासासाठी. एका गावाला हे जमतं, तर आमच्या एका खोलीतल्या मोजक्या माणसांना दुपारचे दोन तास फोन बाहेर घ्यायला का जमू नये?

कुपवाडचा_फोरमन:
हे बोललात ते पटलं. ऑफिसपुरतं तुमचं मान्य करतो. शॉपवर नाही म्हणजे नाही. पण विट्याच्या भावाचं वाचून प्रेस शॉपचा विषय डोक्यात आला, तिथं आम्हीसुद्धा काही देत नाही. बोळे घातले तर मशीनचा आवाज कळतो का?

रात्रपाळी_सिस्टर:
कळतो, फक्त कमी होऊन. गाणं वाजत नसतं, त्यामुळं घरघर झाकली जात नाही. मात्र घालायची पद्धत शिकवा. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट ठेवून धरायचं. नुसता तोंडाशी खोचला तर उपयोग नाही. आणि हिशेबनीस ताई, तुम्हीसुद्धा तो पंख्याचा आवाज मोठा ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सांगते. बाहेरचा गोंगाट झाकायला आवाज वाढवत नेला तर तुम्ही घरबसल्या विट्याची शेड चालवाल.

तंतुवाद्यवाला_मिरज:
सिस्टर बरोबर बोलल्या. माझं म्हणणं तिथंच आहे, मी काही मागं घेतलेलं नाही.

कुपवाडचा_फोरमन:
प्रेस शॉपसाठी बोळ्यांचं मालकांकडं मागतो. मोबाइल मात्र गेटवरच.

हिशेबनीस_सांगली:
ठेवा जमा. मी सोमवारी साहेबांना सांगणार आहे: फोन स्पीकरवर नको, लांबलचक बोलायचं तर जिन्यात जायचं, आणि हा नियम त्यांनाही. त्यांनी हो म्हटलं तर हेडफोन ड्रॉवरमध्ये.

कुपवाडचा_फोरमन:
आणि नाही म्हटलं तर?

हिशेबनीस_सांगली:
तर घालूनच बसणार. हाक मारायची असेल तर टेबलावर दोनदा हात आपटा, मी मान वर करते.