ब्रेकचा सूड अर्धवट राहिला, हे मला मान्य नाही

शीवकर
काल 'बोरीबंदर' यांनी अ‍ॅन लेकी या लेखिकेच्या 'अ‍ॅन्सिलरी' त्रयीवर लिहिलं होतं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी सार असं: पहिला भाग झकास, कारण नायिका ब्रेक एकच बंदूक शोधत एकोणीस-वीस वर्षं फिरते आणि अख्ख्या राड्च साम्राज्याच्या धन्याला, अ‍ॅनान्डर मियानाईला, मारायला निघते. दुसऱ्या भागात ती चहाच्या मळ्यात मजुरांची गाऱ्हाणी ऐकत बसते आणि तिसऱ्यात वाटाघाटी करते. सूड गेला कुठे? सैनिकी विज्ञानकथा म्हणून ही फसवणूक आहे.

हे वाचलं आणि रात्री झोप लागेना. म्हणून वेगळा धागा काढतोय.

बोरीबंदर, सूड घ्यायचा कोणावर ते सांगा. अ‍ॅनान्डर मियानाई हा एक माणूस नाहीच. हजारो शरीरं, तीन हजार वर्षांचं राज्य, आणि त्या शरीरांमध्येच फूट पडलेली. ब्रेकने राजवाड्यात चार मारले तरी पुढच्या ग्रहावर पाचवा उभा आहे, आणि त्यातला एखादा तिच्याच बाजूने बोलतोय! पहिल्या भागाच्या शेवटी हे तिला पुरतं कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट तुम्ही गाळलीत. ब्रेकच्या जिवाभावाच्या अधिकाऱ्याला, लेफ्टनंट ऑनला, गोळी कोणी घातली? हुकूम अ‍ॅनान्डरचा, पण हात ब्रेकचा. तेव्हा ती ब्रेक नव्हती, 'जस्टिस ऑफ टोरेन' नावाचं, स्वतःचं मन असलेलं अंतराळजहाज होती, आणि जहाजाला नाही म्हणण्याची सोयच ठेवलेली नव्हती. गोळी सुटल्यावर पुढच्याच क्षणी तिने बंदूक अ‍ॅनान्डरवर वळवली. तो एक क्षण उशीर झाला, त्याचा हिशेब ही तीन पुस्तकं करतात. तिसऱ्या भागाच्या शेवटी जहाजांना आणि स्थानकांना कोणाचा हुकूम मानायचा ते स्वतः ठरवता येतं. धन्याच्या हातातले हात काढून घेतले. याहून मोठा सूड मला तरी सुचत नाही.

बोरीबंदर
सूड कोणावर घ्यायचा हे मला माहीत आहे. तिन्ही पुस्तकं मी दोनदा वाचली आहेत, सीएसएमटी ते कल्याण उभ्याने. मला फुटीचं शिकवू नका.

माझा राग वेगळा आहे. पहिल्या भागाच्या शेवटी ब्रेक त्याच अ‍ॅनान्डरकडून ताफ्याची कप्तानी घेते. 'मर्सी ऑफ काल्र' हे जहाज घेते. आणि आडनाव? मियानाई! ज्याच्या नरडीचा घोट घ्यायला निघाली त्याच्याच घराण्याचं नाव लावून पुढची दोन पुस्तकं हिंडते. आमच्याकडे भाऊबंदकीत तीन पिढ्या बोलणं बंद असतं, आडनाव सारखं आहे याचीसुद्धा लाज वाटते. आणि ही बाई ते मागून घेतल्यासारखं मिरवते.

लढाई कुठे आहे तेही सांगा. सैनिकी कथा म्हणजे रसद, डावपेच, कोण कुठे चुकलं ते. इथे कप्तानीण बाई हातमोजे नीट आहेत का आणि चहाचे पेले कोणत्या संचातले ते बघते. वर ते सगळ्यांना 'ती' म्हणायचं खूळ. शंभर पानं मला कळेना कोण बाप्या आणि कोण बाई. २०१४ साली ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर क्लार्क पुरस्कार एकाच कादंबरीला मिळाले ते त्या खुळाला मिळाले, गोष्टीला नाही.

कात्रण
'खूळ' शब्द मागे घ्या. त्या साम्राज्याच्या राड्चाई भाषेत लिंगभेदच नाही, म्हणून निवेदक सरसकट 'ती' वापरते. निल्टसारख्या ग्रहावर परकी भाषा बोलताना तिची तारांबळ उडते, समोरच्याला काय म्हणावं कळत नाही. तिचा सोबती सायव्हार्डन पुरुष आहे हे आपल्याला तिथल्या लोकांच्या बोलण्यातून कळतं, आणि तरी ब्रेक त्याला शेवटपर्यंत 'ती'च म्हणते.

मी अनुवाद करते. पोट त्यावर चालत नाही, पण वीस वर्षं करतेय. गेल्या पावसाळ्यात हट्टाने या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मराठीत करायला बसले आणि रडकुंडीला आले. इंग्रजीत फक्त सर्वनाम बदललं की काम झालं. मराठीत 'ती आली, दमलेली होती, म्हणाली', वाक्यातला प्रत्येक शब्द बाई होतो. इंग्रजी वाचक दहा पानांत 'ती' विसरतो, मराठी वाचकाला विसरू देताच येत नाही. बंगालीत हा प्रश्नच नाही. 'शे' म्हटलं की बाई, बाप्या दोन्ही.

आणि प्रथमपुरुषाचं काय? ब्रेक 'मी' म्हणून गोष्ट सांगते. दोन हजार वर्षं जुनं जहाज 'मी गेले' म्हणेल की 'मी गेलो'?

परळची सून
कात्रणताई, माझं माहेर कोल्हापूर. आमच्याकडे बायका 'मी जातो, मी येतो, मी सांगतो तुला' असंच बोलतात. आई बोलायची, आजी बोलायची, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. लग्न होऊन मुंबईत आले. मुलाला शाळेत सोडताना बाईंना म्हटलं, "मी येतो न्यायला." त्या इतर पालकांसमोर हसल्या आणि म्हणाल्या, "येतो नाही, येते." मुलगा पहिलीत होता. त्या दिवसापासून शाळेच्या दारात तो माझा हात सोडून पुढे पळायचा. अठरा वर्षं झाली.

त्या जहाजाला 'मी जातो' म्हणू दे. कोल्हापूरची समजा.

बोरीबंदर
धागा सुडाचा आहे. क्रियापदांचा वर्ग दुसरीकडे भरवा.

आणि मराठीत उत्तर तयार आहे. जहाज नपुंसकलिंगी. ते जहाज, ते आलं, ते गेलं. ब्रेक जहाज आहे ना? मग 'ते' म्हणा, झालं.

कात्रण
झालं कसं? पुस्तकात तिला गुलाम समजणारे नेमकं तेच करतात. अ‍ॅन्सिलरी म्हणजे जिंकलेल्या ग्रहावरच्या जिवंत माणसाचं शरीर. गोठवून ठेवायचं, आतला माणूस पुसायचा आणि जहाजाचं मन भरायचं. अशा शरीराला राड्चाई लोक निर्जीव वस्तूचं सर्वनाम लावतात. तुम्ही सुचवलेलं 'ते' हे मालकाचं सर्वनाम आहे.

मराठीतलं 'ते' आणखी फसवं आहे. 'ते पोर आलं' यात माया आहे आणि 'ते ध्यान आलं' यात तिरस्कार. वस्तूचा थंडपणा कुठेच नाही. दोन रात्री मी त्यावर घालवल्या आहेत, आणि तुम्ही 'झालं' म्हणता.

नांगर
मी नौदलात बावीस वर्षं काढली. पुस्तकं मुलीने दिली म्हणून वाचली.

जहाज नपुंसकलिंगी असेल व्याकरणात. आम्ही मराठी पोरं गोदीत म्हणायचो, "विक्रांत आली." कोणी कधी "विक्रांत आलं" म्हटलेलं ऐकलं नाही. ३१ जानेवारी १९९७ ला तिला निवृत्त केलं तेव्हा मी मुंबईतच होतो. १९७१ ला तिच्यावर असलेले दोन म्हातारे त्या दिवशी रुमाल तोंडावर धरून उभे होते. पुढे २०१२ पर्यंत काही वर्षं ती संग्रहालय म्हणून राहिली, पोरांना घेऊन आम्हीही जायचो. २०१४ मध्ये तिला दारूखान्याला ओढून नेलं आणि कापायला घेतलं. मी एकदा लांबून बघून आलो, पुन्हा गेलो नाही. नंतर तिचं पोलाद वितळवून दुचाकीच्या टाक्यांत वापरलं. रस्त्यावर तशी गाडी शेजारून गेली की मी वळून बघतो.

हजारो शरीरांतून एकच उरलेलं जहाज म्हणजे काय, ते मला समजावून सांगावं लागलं नाही. बोरीबंदर, तुम्ही फलाटावर उभं राहून लढाया मोजताय. गणवेश घातला असता तर चहाचे पेले का महत्त्वाचे ते कळलं असतं. जहाजावर दिवसातला खरा वेळ त्यातच जातो. भांडी, इस्त्री, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला घरून पत्र आलं नाही. त्यावर जहाज चालतं. लढाई असते चार मिनिटांची.

बोरीबंदर
काका, तुमच्या नोकरीचा मान आहे. पण गणवेश घातला म्हणजे कादंबरी जास्त कळते, हे मी ऐकून घेणार नाही. माझे वडील बेस्टमध्ये वाहक होते, खाकी त्यांनीही घातली. 'तुम्ही नव्हतात तिथे' हा वादातला शेवटचा दगड असतो आणि तो कोणीही कोणावरही मारू शकतो.

आणि शीवकर गप्प का? आडनावाचं उत्तर अजून आलेलं नाही.

शीवकर
कामावर होतो. देतो.

आडनाव ती मागत नाही, अ‍ॅनान्डर लादतो. ती घेते कारण अथोएक स्थानकावर ऑनची बहीण आहे, बास्नाइड. तिच्यापर्यंत पोचायला जहाज हवं आणि अधिकार हवा. जिच्या बहिणीला आपण मारलं तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, हे राजवाड्यात गोळ्या झाडण्यापेक्षा अवघड आहे. आणि बास्नाइड तिला क्षमा करून मोकळी होत नाही, हे मला फार खरं वाटलं. एवढं मात्र देतो तुम्हाला: आडनाव ती फार सहज वापरते. दोन ठिकाणी मलाही खटकलं होतं.

नांगर
बोरीबंदर, गणवेशाचं बोललो ते चुकलं. वडिलांबद्दल माहीत नव्हतं.

पण हुकुमाचं मला बोलायचंय, आणि ते शीवकरांनाही आहे. तुम्ही लिहिलंत की जहाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. ऑनला होती. ऑर्स या जिंकलेल्या गावातल्या देवळात नि:शस्त्र लोकांना मारण्याचा हुकूम आला तेव्हा ती माणूसच होती, आणि तिने तो पाळला. नंतर तिचं मन तिला खातं, आपण तिथेच मरायला हवं होतं असं ती म्हणते. पुढचा हुकूम ती नाकारते आणि जीव जातो. म्हणजे नकारही दुसऱ्या खेपेला आला.

एका जहाजावर, नाव घेत नाही, माझ्या हाताखाली सातारकडचा एक पोरगा होता. आईचं जास्त झाल्याची तार आली. रजेचा अर्ज मी वर नेला. वरून नकार आला, आणि तो नकार त्याला मी सांगितला. कडक आवाजात सांगितला, कारण मऊ सांगितलं असतं तर तो रडला असता आणि मला ते बघवलं नसतं. आई चौथ्या दिवशी गेली. हुकूम माझा नव्हता, तोंड माझं होतं. नकार देणाऱ्या साहेबाचं तोंड मला आज आठवत नाही. त्या पोराला माझं आठवत असणार. त्याला सूड घ्यावासा वाटला तर तो माझ्याच दारात येईल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

परळची सून
नांगरकाका, काय लिहावं कळेना. त्या पोराचा पत्ता काढता येत असेल तर एक पत्र टाका. खरंच टाका.

चहाच्या मळ्याबद्दल मला राहवत नाही. बोरीबंदर, तुम्हाला कंटाळवाणा वाटला तो भाग मी तीनदा वाचला. ते मजूर दुसऱ्या ग्रहावरून आणून बसवलेले. मजुरी हातात पडायच्या आधीच खाण्याराहण्याच्या उधारीत जाते, म्हणून मळा सोडता येत नाही. मालकिणीचा चहा मात्र हाताने खुडलेला म्हणून नावाजलेला.

माझे सासरे गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांतले ते एक. सासूबाईंनी खोलीत खाणावळ घातली, वाण्याची उधारी दहा वर्षं फेडली. गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. आता तिथे काचेची इमारत आहे आणि माझा मुलगा त्याच रस्त्याने कामाला जातो. सासरे शेवटपर्यंत विचारायचे, "शिव्या तरी कोणाला घालू? मालक बदलला, मॅनेजर मेला, पुढारीही गेला." संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांची हत्या झाली त्या १९९७ च्या दिवशी ते जेवले नव्हते. गोळी घालून सुटणारा प्रश्न असता तर सोपं होतं. ब्रेक मळ्यात थांबते आणि मजुरांचं ऐकून घेते तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हिला कोणावर आणि कशाचा सूड घ्यायचा ते समजलंय.

बोरीबंदर
वहिनी, हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं.

दुसरा भाग पुन्हा वाचेन. वाचेन म्हणतोय, आवडेल म्हणत नाही. आडनावाबद्दल माझं मत तेच आहे. आणि लढाई नाही म्हणालो त्यात एक अपवाद मान्य करतो. तिसऱ्या भागात ती जहाजाच्या बाहेर, पोकळीत उभी राहते आणि कशातूनही १.११ मीटर आरपार जाणाऱ्या त्या गोळ्या अ‍ॅनान्डरच्या जहाजांवर झाडते, पाय गमावते. ते मी घाटकोपरला वाचत होतो आणि माझं स्टेशन गेलं. तशी आणखी तीन प्रकरणं असती तर हा धागा निघाला नसता.

कात्रण
सगळ्यांची माफी मागून पुन्हा व्याकरण, कारण हे वाचताना मला माझी अडचण सुटलेली दिसली.

प्रथमपुरुषात 'ने'वाल्या भूतकाळात करणाऱ्याचं लिंग दिसतच नाही. मी दार उघडलं. मी बंदूक उचलली. भविष्यकाळातही नाही, मी येईन. जुन्या गोष्टींतलं 'मी जाई, मी बसे' तेही मोकळं. ती सतत चहा पिते आणि 'पिणे' नेमकं आडवं येतं, 'प्यायले' की 'प्यायलो'. तिथे 'चहा घेतला' केलं की काम भागतं. ती गाणी गोळा करते, 'गाणं म्हटलं' चालतं. उरलेलं येणं-जाणं परळच्या वहिनींच्या आईसारखं करीन. 'मी येतो.' वाचकाला ते बाईचं आहे की बाप्याचं हे ठरवताच येणार नाही, तो कोल्हापूरचा असला तर.

आणि ऑनचा प्रसंग सगळ्यात सोपा निघाला. मी गोळी झाडली. 'झाडली' हे गोळीचं ऐकतं, माझं नाही.

नांगर
पण वाक्याच्या सुरुवातीला 'मी' राहतोच ना, ताई. तो काढू नका.

कात्रण
नाही काढत.